दोन माणसांची थंडी

यमुना गेल्याचं सोसायटीत बाविसाव्या दिवशी कळलं. ती बहिणीच्या गावी वारली होती आणि तिच्या नवऱ्याने, खांबेट्यांनी, इथे कुणालाच सांगितलं नव्हतं. हिवाळा येईनासा झाल्यापासून थंडी नळाने यायची, माणशी मोजून. यमुनेचा वाटा बंद झाला असता तर तिने बाल्कनीत लावलेला मटार शेंगा भरायच्या आत करपला असता.

सेक्रेटरी दुर्वे मीटर बघायला आले. "एवढी थंडी लागते कशाला तुम्हाला?"

"यमुनेने मटार लावलाय," खांबेटे म्हणाले.

दुर्व्यांनी मान वर केली. "चाळीस वर्षं वहिनींना नुसतं 'आमच्या घरी' म्हणत आलात. आज नाव घेताय? गेल्या ना त्या?"

खांबेटे वेलांपुढे जाऊन उभे राहिले.

"मेलेल्या बाईच्या नावावर मटार खाताय."

"खात नाही. तिचं बियाणं धरतोय. नऊ दिवस द्या."

"माझी नातवंडं उकाड्याने रडतात," म्हणत दुर्व्यांनी यमुनेच्या वाट्याचा कॉक बंद केला आणि चावी खिशात टाकली.

संध्याकाळपर्यंत वेलांनी माना टाकल्या. शेंगा चपट्याच होत्या.

लोकांना कळेल म्हणून खांबेट्यांनी यमुनेचा दहावाही केला नव्हता. तो अजून करायचा राहिला आहे.