खरवडलेलं नाव

सासूबाई, सुमनताई, म्युझियममधल्या एका काचेजवळ थांबल्या तशी मंजिरी पटकन खांबाआड झाली. काचेमागं प्राचीन इजिप्तमधली, माणसाच्या आकाराची लाकडी शवपेटी होती. सुमनताईंनी पर्स खाली ठेवली, इकडेतिकडे पाहिलं आणि त्या पेटीशी चक्क पुटपुटू लागल्या.

म्हणजे सासूबाईंचं डोकं फिरल्याचा मंजिरीचा संशय खरा होता तर! गेले पाच बुधवार सासूबाई ‘मैत्रिणीकडे, मिल्काकडे जाते’ म्हणून घरातून निघत होत्या; आणि काल इथं लंडनमध्ये, हाउन्सलोच्या हाय स्ट्रीटवर मिल्कामावशीच विचारत होत्या, “सुमन आजारी आहे काय गं? महिनाभर फिरकली नाही.” मंजिरीची मॅटर्निटी लीव्ह रविवारी संपत होती. सोमवारपासून सात महिन्यांचं बाळ दिवसभर ह्याच बाईंच्या हवाली करायचं होतं. नवऱ्याला, हरीशला सांगावं, तर तो आईविरुद्ध अक्षर ऐकून घेणारा नव्हे. म्हणून आज बाळाला त्याच्या गळ्यात मारून ती ट्यूब रेल्वेनं सासूच्या मागोमाग म्युझियमपर्यंत आली होती. स्वतःची लाज वाटत होती, पण परत फिरवत नव्हतं.

तेवढ्यात गाइड पाचसहा टुरिस्टांना घेऊन आली. पेटीवरची चित्रं दाखवत सांगू लागली. हा कोल्ह्याच्या तोंडाचा देव अनुबिस, मेलेल्याला हाताला धरून नेतो. हा मेलेल्यांचा राजा ओसायरिस, त्याच्यासमोर काळीज तराजूत घालतात. पण नाव शाबूत हवं. नाव घेणारं कुणी उरलं नाही, की माणूस दुसऱ्यांदा मरतो, आणि मग कायमचाच. ही पेटी आधी एका बाईची होती. तिचं नाव खरवडून त्यावर दुसरीचं लिहिलंय.

टुरिस्ट पुढं गेले. सुमनताई हलल्या नाहीत. काचेला नाक लागेल इतक्या वाकल्या आणि स्पष्ट म्हणाल्या, “सुप्रभा. सुप्रभा. सुप्रभा.”

घरात तर कुणी सुप्रभा नव्हती. सासऱ्यांची कुणी होती की काय? मंजिरीला राहवेना. ती पुढं झाली.

“आई, सुप्रभा कोण?”

सुमनताई दचकल्यासुद्धा नाहीत. “तुझा लाल कोट मघाशीच दिसला मला,” त्या म्हणाल्या. “सुप्रभा मीच.”

“म्हणजे?”

“लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळांत अंगठीनं ‘सुमन’ लिहिलं. त्या दिवसापासून सासरी मी सुमन. माहेरी मात्र सुप्रभाच. आई गेली, बहिणी गेल्या. दादा तेवढा फोनवर ओरडायचा, ‘काय गं सुप्रभा, थंडी कितीय तिकडं?’ तो मे महिन्यात गेला. आता कोण घेणार ते नाव? मग मीच येऊन घेते.”

मंजिरीला भडभडून आलं. सहा वर्षं एका घरात राहून तिनं हे कधी विचारलं नव्हतं.

“घरी का नाही सांगितलंत?”

“हसला असतात.” सुमनताईंनी पर्स उचलली. “मला वेड लागलंय का ते बघायला आलीस ना?”

“सॉरी, आई. सोमवारपासून बाळ तुमच्याकडे... मला अ‍ॅक्च्युअली भीती वाटली.”

“बरोबर केलंस. मीही हेच केलं असतं.” दोन पावलं चालून त्या थांबल्या. “आता ऐकलंच आहेस, तर एक कर. हाक नको मारूस, सासूला कुणी नावानं हाक मारतं का? नुसतं ते नाव लक्षात ठेव. माझ्या डोक्याचा भरवसा हल्ली मलाही वाटत नाही.”