निम्मी तरी मुलं

‘अपत्ये किती?’ या रकान्याशी येऊन बारकीचं पेन थांबलं.

उत्तर येत नव्हतं असं नाही. तिला दोन उत्तरं येत होती. चार वर्षांची असताना ती या घरात आली, काकांची पुतणी म्हणून. दादा आणि ताईच्या मागे वाढली, म्हणून बारकी. आता वय बत्तीस, आणि कामही बत्तिशीचंच: दातांच्या कवळ्या बनवायच्या. पण घरात मुलं दोन की तीन, हे काकांच्या तोंडून ऐकायची वेळ कधी आली नव्हती. घरच्या माणसांना कोण मोजत बसतं?

काकांनी मात्र जन्मभर मोजण्याचंच काम केलं होतं. जमीन मोजणीच्या खात्यात चौतीस वर्षं. त्यांनी आखलेली हद्द पुढे कुणाला वीतभरही सरकवावी लागली नाही, अशी त्यांची ख्याती.

“फॉर्म नंतर, आधी मार्ग ठरवू,” टेबलापलीकडच्या व्हिसाच्या बाई म्हणाल्या. “दोन आहेत. एक, कायमचं राहायला जायचं. दुसरा पाहुणे म्हणून, एका वेळी फार तर सहा महिने, मग परत यायचं. तुमच्या मुलाने मला फोनवर कायमचाच सांगितलाय.”

“कायमचाच,” काकू म्हणाली. परदेशातल्या दादाला मुलगा होऊन तीन महिने झाले होते, आणि काकूने नातू अजून फक्त फोनमध्ये पाहिला होता.

“त्याला एक अट आहे. तुमची निम्मी तरी मुलं तिकडे राहत असायला हवीत.”

बारकीला गणित कळायला वेळ लागला नाही. मुलं दोन असतील तर ताई इथे असली तरी एकटा दादा म्हणजे निम्मी, काम फत्ते. तीन असतील तर सगळं मुसळ केरात. काकूचं नातवासाठी झुरणं ती रोज बघत होती, म्हणून तर आज रजा काढून दोघांना घेऊन आली होती. काकांनी दोनच म्हणावं असं तिला मनापासून वाटत होतं. आणि तीन म्हणावं असंही, तितक्याच मनापासून. तिने कान टवकारले.

“मोजायचं कसं?” काकांनी विचारलं. “म्हणजे कुणाला धरायचं, कुणाला नाही?”

“पोटची मुलं. नाहीतर कागदोपत्री दत्तक घेतलेली.”

“आणि नुसती वाढवलेली?”

“कागद आहे?”

“नाही बुवा. चार वर्षांची पोर दारात उभी, तिला जेवायला वाढायचं की कोर्टात न्यायचं?”

बाई हसल्या. “मग नाही धरत.”

“तर मग तुमच्या मापाने दोन,” काका म्हणाले. “लिही गं.”

बारकीने दोनचा आकडा लिहिला. काम झालं होतं, आनंद व्हायला हवा होता. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली. न पडलेलं पेनचं टोपण ती उगीच टेबलाखाली शोधत राहिली.

“तो दुसरा फॉर्म बघू जरा,” काका म्हणाले. घ्यायची नसली तरी वस्तू उलटीपालटी करून बघायची, ही त्यांची जुनी खोड. चष्मा कपाळावर सरकवून ते एकेक रकाना वाचत गेले आणि मध्येच थबकले. “परत येण्याचं कारण काय, इथे मागे कोण राहतं... हे यांना कशाला हवंय?”

“पाहुणे म्हणून जातात आणि तिथेच ठाण मांडतात ना! म्हणून विचारतात. इथे कुणाची तरी ओढ आहे, हे त्यांना दिसायला हवं.”

“याला कागद लागतो?”

“नाही. नाव, नातं, पत्ता.”

काकांनी काकूकडे पाहिलं. काकू कितीतरी वेळ पहिल्या फॉर्मवरच्या त्या आकड्याकडे बघत होती.

“यात हिला कुठेच जागा नाही?” तिने विचारलं.

“नाही, मावशी.”

“मग तो दुसराच भरा.”

“अहो, नातू तिकडे आहे तुमचा!”

“सहा महिने भेटेल की. तसेही पाहुण्यांचे लाड जास्त होतात.”

“नीट विचार करा,” बाई आता गंभीर झाल्या. “यात हिला मुलगी म्हणून लिहिलंत तर ती नोंद कायम राहते. उद्या कायमचं जायचं म्हटलंत तर तीनच मोजतील. तो रस्ता बंद.”

“काका, पुतणी लिहिते ना,” बारकी घाईने म्हणाली. “खोटंही होणार नाही आणि रस्ताही उघडा राहील.”

“लिहिता येईल तसं,” बाईंनी मान डोलावली.

“मघाशी त्यांनी मोजणी विचारली, मी त्यांच्या नियमाने करून दिली,” काका म्हणाले. “आता ओढ कुणाची ते विचारतायत. मुलगी लिही. आणि जरा ठसठशीत लिही, तुझं अक्षर फार बारीक.”

बारकीने लिहिलं. डोळे भरून आले होते, त्यामुळे ‘मुलगी’ची वेलांटी रकान्याबाहेर गेली. तरी तिने ती तशीच ठेवली.

“मुक्काम किती?” पुढचा रकाना तिने वाचला.

“सहा महिने. मिळतात तेवढे सगळे,” काका म्हणाले.

फॉर्म भरून झाला. काकांनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला आणि सवयीप्रमाणे प्रत्येक रकान्याखालून बोट फिरवत तपासायला घेतला. मुक्कामाच्या रकान्यापाशी बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं, पाच महिने.

त्यांनी बारकीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

“सही कुठे करायची?” त्यांनी बाईंना विचारलं.