बावीस पायऱ्या

गुप्तेसाहेबांनी ड्रेसिंगच्या टेबलावरच्या कापसाच्या बरण्या बाजूला सारल्या आणि निळा नकाशा पसरला. वेंगुर्ल्यात हत्तीरोगाचं संशोधन केंद्र उभं राहायचं होतं, आणि त्याच इमारतीत रोग्यांचा दवाखानाही. अठ्ठावन्न सालात एवढी मोठी गोष्ट या बाजूला पहिल्यांदाच होत होती. आर्किटेक्ट गुप्ते मुंबईहून बोटीने आले होते आणि मोठ्या डॉक्टरांची सही घेऊन आजच परतणार होते.

लूर्डस सिस्टर नकाशावर वाकली. अठरा वर्षं ती याच जुन्या दवाखान्यात सुजलेले पाय धूत आली होती. नकाशे तिने फारसे पाहिले नव्हते, पण ओ.पी.डी. ही अक्षरं तिला वाचता येत होती. ओ.पी.डी., म्हणजे रोगी तपासायची जागा, वरच्या मजल्यावर होती.

"रोगी वर?" तिने विचारलं.

"खाली सूक्ष्मदर्शक यंत्रं आहेत, सिस्टर. वर ठेवली तर हादरतात," गुप्ते म्हणाले. "शिवाय वर रुग्णांना समुद्राचा वारा मिळेल."

"पायऱ्या किती?"

"बावीसच. प्रत्येक नऊ इंच रुंद, नियमाप्रमाणे."

लूर्डसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या पायांसाठी हा सगळा घाट, ते पाय या माणसाने पाहिलेच नव्हते. आणि ज्यांनी पाहिले होते ते मोठे डॉक्टर शेजारीच पेनाचं टोपण फिरवत मूग गिळून बसले होते. त्यांचा तिला जास्त राग आला.

दारात तुळसा आली होती. उभादांडा गावाहून दर बुधवारी सुजलेला पाय धुवून घ्यायला यायची. दवाखान्याला पायरी एकच, पण ती चढायची तर तुळसा आधी पायरीवर बसे, मग दोन्ही हातांनी उजवा पाय उचलून वर घेई, मग भिंतीला धरून उठे. तेवढ्या वेळात एखाद्याचं पान लावून खाऊन व्हावं.

ती आत आली तशी लूर्डसने नकाशा टेबलावरून ओढला आणि खाली जमिनीवर अंथरला.

"तुळसाबाय, हेच्यार पाय ठेव."

तुळसा मागे सरली. "कागद तो, बाय. सरस्वती. पाय कसो लावू?" तिने कशीबशी वाकून कागदाला बोटं लावली आणि कपाळाला टेकवली.

"बघा, यांना कळतं," गुप्ते हसून म्हणाले आणि नकाशा उचलून त्यांनी झटकला.

लूर्डसला हसू आलं नाही. या बाईला कागदाची एवढी चाड. कागदाला तिची किती होती?

नंबर लिहायच्या फळ्याजवळचा खडू तिने आणला आणि गुप्त्यांच्या पुढ्यात धरला. "मग साहेब, एक पायरी जमिनीवर काढा. नऊ इंच, खरी."

गुप्त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी खिडकीकडे पाहिलं. शेवटी गुप्ते पांढऱ्या पाटलोणीचे गुडघे टेकून बसले, टेप लावली आणि दोन सरळ रेघा ओढल्या. हात मात्र कसलेला होता.

"आता ठेव गो," लूर्डस म्हणाली.

तुळसाने पाय उचलून दोन रेघांमध्ये ठेवला. बोटं पुढच्या रेघेपलीकडे गेली आणि टाच मागच्या रेघेबाहेर राहिली. रेघा पायाखाली दिसेनाशा झाल्या.

गुप्त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं. "अकरा इंच करता येईल," ते म्हणाले. "पायरी अकरा इंचांची करू."

डॉक्टरांनी सुटल्यासारखा श्वास सोडला आणि सहीसाठी पेनाचं टोपण काढलं.

"ह्यां काय गो, बाय?" तुळसाने विचारलं.

"नव्या दवाखान्याची पायरी. तुका वर चढान येवचा लागतला."

"आणि अशो कितक्यो?"

"बावीस."

तुळसाने पाय तिथून हलवला नाही. गुडघ्यावर दोन्ही हात टेकून ती खाली बसलेल्या गुप्त्यांना म्हणाली, "मगे बाकीच्यो एकवीस आताच काढा, सायबानू. आजपासून चढूक लागलंय, तर इमारत पुरी होयसर वर पोचतलंय."