मैद्याची खळ

खळ शिजताना हात थांबला की गाठी झाल्याच म्हणून समजा. थोरलीने ती न थांबता ढवळली होती आणि आता उतरवून, झाकण घालून ओट्यावर कोमट व्हायला ठेवली होती. शेजारी मंद आचेवर भोपळ्याचं सूप होतं. दोन्ही पातेली एकाच संचातली, निळ्या काठाची, धाकटीने हौसेने घेतलेली.

आत अडगळीच्या खोलीत धाकटी शिडीवर चढली होती. अडगळ कालच बाहेर गेली होती. आता तिथे खिडकीपाशी पलंग होता, दोघींनी मिळून शिवलेले पडदे होते आणि एका भिंतीवर हिरव्या पानांचा वॉलपेपर अर्ध्यापर्यंत आला होता.

"ताई, खळ आण गं! मान अवघडली माझी."

"निवू तर दे. गरम लावली तर कागद फुगेल."

इतकी वर्षं दोघींचं हे सगळं फोनवर चालायचं. एकीने ताज्या पावाचा फोटो पाठवायचा, दुसरीने रंगवलेल्या खुर्चीचा. पाव कायम थोरलीचे असायचे. तिच्या घरातल्या भिंतींचा रंग कधी तिला विचारून ठरला नव्हता.

बेल वाजली. केसांत कागदाचे कपटे तसेच घेऊन धाकटीने दार उघडलं. दारात थोरलीचा नवरा उभा होता. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात रिकामी बॅग.

"भाऊजी? कळवायचं तरी!"

"माझ्या बायकोला न्यायला यायचं, त्यात कळवायचं काय? पंधरवडा झाला. बहिणीबहिणींचे लाड पुरे झाले आता."

तो सरळ स्वयंपाकघरात आला. थोरलीला उगाच वाटलं, निदान 'कशी आहेस' म्हणेल.

"सामान भर. संध्याकाळची गाडी आहे. आणि हे काय, या वयात भिंती कसल्या चिकटवत बसलात?"

"मी येणार नाहीये, अहो. निघताना सांगितलं होतं तुम्हाला."

"रागात बोललीस ते. रागातलं कोणी मनावर घेतं का?" असं म्हणता म्हणता त्याने ओट्यावरच्या पातेल्याचं झाकण उचललं.

घरी रोजचंच होतं हे. बाहेरून यायचं, झाकण उचलायचं, चमचा बुडवायचा आणि निकाल द्यायचा. आताही त्याने फळीवरचा चमचा घेतला, भरला, फुंकर घातली आणि डोळे मिटून घास जिभेवर घोळवला. 'अहो, ते नको' म्हणायला थोरलीने तोंड उघडलं होतं. पण तिच्या आधी त्याचा निकाल आला.

"मीठ कमी आहे."

आणि थोरलीचा हात मिठाच्या बरणीकडे गेला.

ती खळ आहे, हे तिला पक्कं माहीत होतं. तिनेच केली होती. मैदा आणि पाणी, तिसरं काही नाही. तरी हात गेला, बरणीचं झाकण निघालं, चिमूट भरली. मग कुठे तो हवेत थांबला. दारात धाकटी तोंडावर हात दाबून उभी होती आणि तिचे खांदे गदागदा हलत होते.

थोरलीला हसू आलं नाही. आधी आला तो संताप, आणि तो नवऱ्यावर नव्हता, स्वतःच्या हातावर होता. अख्खा संसार तिने प्रत्येक पदार्थ दोनदा चाखून पाहिला होता. शेजारणीला वाटीत घालून देऊन विचारलं होतं. शेवटी आपल्याच जिभेत खोट आहे, असं धरून चालली होती. आणि हा माणूस चव घेतच नव्हता! मग मात्र संताप बरोबर जागी जाऊन पोचला. तिने चिमूट बरणीत परत टाकली.

"मीठ नाहीच त्यात," ती म्हणाली. "खळ आहे ती. भिंतीला लावायची."

नवऱ्याने चमच्याकडे पाहिलं.

"मग बरोबरच सांगितलं ना मी? कमीच होतं."

"या खेपेला मोरचूद मिळाला नाही म्हणून वाचलात, भाऊजी," धाकटी म्हणाली. "कीड लागू नये म्हणून घालतात त्यात. पार निळे झाला असतात." आणि ती दाराला धरून खाली बसून हसायला लागली.

थोरलीने सुपाखालचा गॅस बंद केला. खळीचं पातेलं उचललं आणि वळसा न घालता सरळ चालू लागली. बाजूला नवऱ्याला व्हावं लागलं.

खोलीत तिने ब्रश बुडवून भिंतीवर वरपासून खालपर्यंत खळ फासली. धाकटीने डोळे पुसत शिडी गाठली आणि कागदाचं वरचं टोक चिकटवलं. लांबलचक पट्टा खाली लोंबू लागला. नवरा बगलेत बॅग धरून उंबऱ्यात येऊन उभा राहिला.

"अगं, गाडी चुकेल."

"तुमची नाही चुकणार, अजून वेळ आहे. आलाच आहात, तर खालचं टोक धरा. दोघींचे हात पुरत नाहीत."

"मी?"

ओला कागद भिंतीवरून तिरपा घसरू लागला. शेवटी त्याने बॅग खाली ठेवली, गुडघे वाकवले आणि दोन बोटांत टोक पकडलं. थोरली दोन पावलं मागे सरली. मान कलती करून, एक डोळा मिटून तिने पाहिलं.

"वाकडं आहे," ती म्हणाली. "मला रोज बघायचीय ही भिंत. पुन्हा धरा."