मर्लच्या कुंड्या

कॅनबरात माणशी गांजाची दोन झाडं लावायला सरकारची परवानगी आहे. आमचा शेजारी लिंडसे नियमाचा इतका पक्का, की कचऱ्याचा डबासुद्धा ठरलेल्या वाराआधी रस्त्यावर ठेवायचा नाही. त्याच्या अंगणात चार कुंड्या होत्या. दोन त्याच्या, दोन बायकोच्या, म्हणजे मर्लच्या. कॅन्सरच्या औषधांनी तिला सारखी उलटी व्हायची; गेल्या सालच्या फुलांचा धूर घेतला, तरच पोटात घास टिकायचा.

फेब्रुवारी संपताना कुंड्यांतली माती बसली आणि मुळं उघडी पडली. फुलं धरायच्या आत लिंडसे वरून नवी माती घालत होता. मर्ल पांघरूण गुंडाळून खुर्चीतून हुकूम सोडत होती.

"दाबू नकोस रे इतकी! माती आहे ती, ऑफिसची फाईल नव्हे."

दोन कुंड्या भरून तो तिसरीकडे वळला.

"त्या राहू दे. माझ्या आहेत."

"म्हणून तर भरतोय."

"फुलं पिकायला एप्रिल उजाडेल. डॉक्टर काय म्हणाले ते तूही ऐकलंस. मग एकट्या माणसाच्या घरात चार कुंड्या? झोप तरी लागेल का तुला?"

लिंडसेने मातीची दुसरी गोणी फाडली आणि तिच्या दोन्ही कुंड्या काठोकाठ भरल्या.

मर्ल ईस्टरच्या आधी गेली. नंतर चारही झाडं फुलांनी लगडली, तेव्हा मी कुंपणावरून हळूच म्हणालो, "लिंडसे, दोन जास्त होतात रे."

"नीट मोज," झारी खाली न ठेवता तो म्हणाला. "त्यातली दोन मर्लची आहेत."