पाचवा कप

"ओढणीतून काही दिसत नाहीये ना?" सुखदाने विचारलं.

"अंधार गुडुप. फासावर चढवतायत असं वाटतंय," बाबा म्हणाले. "आणा परीक्षकबाई, पहिला कप."

डायनिंग टेबलावर पाच सारखे पांढरे कप होते. प्रत्येकाच्या बुडाला मार्करने आकडा. प्रत्येकात दोन ग्रॅम पत्तीचा चहा, मोजून तीन मिनिटं मुरवलेला, दूध-साखर न घालता. मानेसरच्या एका मसाला कंपनीच्या प्रयोगशाळेत सुखदा दिवसभर मशीनच्या आलेखांवरून नमुने पास-नापास करायची. घरीही तिला अंदाजपंचे काही चालत नसे.

रविवारी सकाळी वेगवेगळे चहा करून चाखायचे, हा बापलेकीचा गुरुग्रामला आल्यापासूनचा शौक. शेल्फवर डब्यांची रांग होती. मार्चमध्ये सुखदा आठवडाभर तापाने पडली आणि त्यानंतर हा शौक जरा मागे पडला. तिला हल्ली कुठल्याच चहात पूर्वीची मजा येत नव्हती. इथलं पाणीच जड, त्याला काय करणार, असं ती म्हणायची.

पण आजचे पाच कप शौकाचे नव्हते.

तिच्या वहीत गेल्या महिन्याभराच्या नोंदी होत्या. चार तारखेला बाबा म्हणाले, डाळ करपतेय. तिला तसं काहीच जाणवलं नाही. अकरा तारखेला म्हणाले, दुधाला वास येतोय. तिने त्याच दुधाची कॉफी करून त्यांच्यासमोर पिऊन दाखवली. (दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कँटीनमधल्या छोल्यांनी तिचं पोट बिघडलं, ती गोष्ट वेगळी.) आणि त्यानंतर गॅस. "गॅसचा वास येतोय" म्हणत बाबा दोनदा स्वयंपाकघरात धावले. आता तर रोज झोपायच्या आधी पाइपचा कॉक बंद करून ठेवायचे.

नसलेले वास येणं. तिने यावर चार शोधनिबंध वाचले होते आणि चारही मेंदूच्या आजाराकडे बोट दाखवत होते.

पुण्याहून सुजयदादाने इथल्याच मेंदूच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली होती. त्यांनी आजारावर शिक्कामोर्तब केलं, तर बाबांना पुण्याला न्यायचं असं ठरलं होतं. सुखदा दिवसभर कंपनीत, घरात गॅस, आणि बाबा एकटे. ते चालणार नव्हतं.

"मी इथून हलणार नाही," बाबांनी स्वच्छ सांगितलं होतं. "खालच्या बागेत माझी मित्रमंडळी आहेत. तिकडे दादाच्या बाराव्या मजल्यावर मी करू काय? कबुतरं मोजू?"

शेवटी सुखदानेच तोडगा काढला. पाच चहा. पाचही ओळखले तर डॉक्टरांची वेळ रद्द करायला ती दादाशी बोलेल.

बाबांनी पहिला कप नाकाशी धरला. "आसाम. झोपलेल्याला उठवणारा."

"बरोबर."

दुसरा. "नीलगिरी."

"बरोबर." तिचा आवाज किंचित सैलावला.

तिसऱ्यावर ते रेंगाळले. "दार्जिलिंग. पण तू पाणी फार उकळलंस, यार."

चौथ्याचा तर घोटही घेतला नाही. "संत्र्याची साल. पुढचा."

तिने पाचवा कप त्यांच्या हातात दिला. हा गुलाबाचा. सगळ्यांत सोपा म्हणून मुद्दाम शेवटी ठेवलेला. याचा रंग नेहमीपेक्षा जरा गडद उतरला होता. वजन तेच, वेळ तीच. पाण्याचाच दोष.

बाबांनी वास घेतला. घोट घेतला. पुन्हा वास घेतला.

"धूर," ते म्हणाले.

"बाबा, नीट बघा ना. घाई नाहीये."

"धूरच. ओली लाकडं पेटवल्यासारखा."

सुखदाने कप त्यांच्या हातातून घेतला. गुलाबाच्या डब्याचं झाकण समोरच पडलं होतं. तिने मोठा घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला.

"गुलाब आहे, बाबा," ती हळूच म्हणाली. "मी स्वतः पितेय ना. गुलाब."

बाबांनी डोळ्यांवरची ओढणी काढली. ते कपाकडे बघत नव्हते, तिच्याकडे बघत होते.

"नक्की?"

"बिल्कुल नक्की."

"अजून एक घोट घे."

तिने घेतला. "गुलाबच. सुंदर आहे."

वाद नाही, टोमणा नाही. बाबांनी फक्त ओढणीची घडी घातली, मग ती घडी मोडून पुन्हा घातली. त्यांचे डोळे भरून आलेले बघून सुखदाला राहवलं नाही. तिने त्यांचा हात हातात घेतला.

"घाबरू नका. लवकर कळलं की उपाय असतात. मी येईन ना डॉक्टरांकडे तुमच्यासोबत."

"हो," बाबा म्हणाले. "दोघंही जाऊ."

तिने वही उघडली आणि लिहिलं: पाचवा, चूक. धुराचा भास. पडताळणी स्वतः केली.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. सुजयदादा. ती उचलणार इतक्यात बाबांनी फोन ओढून घेतला.

"हां, झाली परीक्षा," ते म्हणाले. त्यांचा दुसरा हात अजून तिच्या हातात होता, आणि आता त्यांनीच तो घट्ट धरला होता. "नाही, वेळ रद्द करू नकोस. उद्याचीच ठेव. फक्त नाव बदल, सुखदाचं घाल... अरे, गुलाबाच्या डब्यात काल तो लाकडाच्या धुरावर वाळवलेला चहा मीच भरून ठेवला होता."