रेलिक्ट

वेल्टानं कागदावर चिकटवलेल्या सुक्या फांदीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बेटुला नाना. रेलिक्ट्स."

"रेलिक्ट! बरोब्बर!" लुबोर खुर्चीतून उडालाच. "ऐकलंस, इलोना? तुझ्या आईला सगळं समजतंय!"

मेंदूला झटका आल्यापासून वेल्टाची चेक भाषा पार पुसली गेली होती. उरली होती फक्त माहेरची लाटवियन. चाळीस वर्षं तिनं नवऱ्याच्या भाषेत संसार केला. लुबोरला मात्र तिची शिकायला सवड झाली नाही. आता दोघांना कळतील असे उरले होते ते त्यांच्या वनस्पतिशास्त्रातले लॅटिन शब्द. रोज सकाळी लुबोर एक वाळलेलं झाड तिच्यापुढे धरायचा. झाडं ओळखता ओळखता एक दिवस ती आपल्यालाही ओळखेल, एवढीच त्याची आशा.

वेल्टा भरभरून बोलत होती. आईकडून लाटवियन शिकलेली लेक अर्थ सांगत गेली, "हिमयुग सरलं, बर्फ उत्तरेकडे गेलं, त्याच्याबरोबरची झाडंही गेली. हे तेवढं दलदलीत मागं राहिलं. म्हणून रेलिक्ट, मागं उरलेलं."

"अगदी हेच सांगितलं होतं तिनं मला. पहिल्या भेटीत, गुडघाभर चिखलात उभं राहून."

वेल्टानं खालची चिठ्ठी वाचली. झाड गोळा करणारे म्हणून तिथं दोघांची नावं होती. "लुबोर," ती म्हणाली, गालांत हसली आणि काहीतरी विचारलं. इलोना कागद आवरायला लागली.

"काय म्हणतेय?"

"जाऊ द्या ना, बाबा."

"सांग म्हणतो ना!"

"विचारतेय, लुबोर कधी येणार? या आजोबांना ठाऊक असेल, म्हणतेय."

लुबोरनं चिठ्ठीवरच्या आपल्या नावाकडे पाहिलं.

"थांबा, मी सांगते तिला, की तुम्हीच..."

"नको. आम्हा वनस्पतीवाल्यांत झाडाचं नाव चुकलं तरी जुनी चिठ्ठी कुणी फाडत नाही. नवी तिच्याखाली लावायची."

तो उठला. माळ्यावरचे गमबूट काढून त्यानं पायात चढवले, रानात जायची टोपी घातली, बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि बेल वाजवली.

आत वेल्टाची लगबग ऐकू आली. इलोनाला ती काहीतरी भराभरा सांगत होती. त्यात त्याचं नाव दोनदा आलं.

दार उघडलं. वेल्टानं केस विंचरले होते. लुबोरनं टोपी काढली. ती ओळखीचं हसली, आजोबांना आत यायला बाजूला सरली, आणि त्यांच्या खांद्यावरून जिन्याकडे बघत दारातच उभी राहिली.